डाव्या डोळ्याचे थेंब

चौदा वर्षं मी डोळ्यांच्या इस्पितळात पत्रकं लिहिते आहे. म्हणजे ज्यांना नीट दिसत नाही अशा माणसांनी वाचावं म्हणून बारीक अक्षरात लिहिते. यातली गंमत माझ्या लक्षात यायला चौदा वर्षं लागली आणि तीही आईमुळे, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे लाज कमी वाटेल.

माझी खोली तळमजल्यावर, चष्म्यांचं दुकान आणि जिना यांच्या मधल्या जागेत. एक टेबल, एक संगणक आणि भिंतीला टेकून पत्रकांचे गठ्ठे. त्यातलं ‘मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घ्यावयाची काळजी’ हे माझं सगळ्यात लाडकं. चार घड्या, सोळा सूचना. त्यातला एकेक स्वल्पविराम मी डोळ्यांत तेल घालून तपासला आहे. हा वाक्प्रचार मात्र आमच्याकडे जपून वापरावा लागतो. एकदा मी तो पत्रकातच लिहिला होता, तर एक आजोबा काठी टेकत माझ्या खोलीपर्यंत आले आणि म्हणाले, “तेल कोणतं ते लिहिलेलं नाही.”

बाहेरच्या हॉलमध्ये एक टीव्ही आहे. थेंब कसे घालायचे याची फिल्म त्यावर दिवसभर फिरत असते, तीही मुकी, कारण नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंचं डोकं दुखतं. त्या फिल्मचा मला पहिल्यापासून राग. मी मुद्दाम बाहेर जाऊन पेशंटना विचारायची, काय पाहिलंत, काय लक्षात राहिलं? एका बाई म्हणाल्या, त्या नर्सच्या दोन कानांत दोन वेगळी कानातली आहेत. एका काकांना काळजी लागली होती की त्या फिल्ममधला माणूस शेवटी बरा झाला की नाही. थेंबांचं कोणालाच काही सांगता यायचं नाही आणि मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत खोलीत परत यायची. पत्रकाचं विचारलं तर मात्र सगळे एका सुरात सांगायचे, “आहे की, जपून ठेवलंय.” फाइलमध्ये, प्लास्टिकच्या कप्प्यात, चारही घड्या जशाच्या तशा. यालाच मी माझं यश समजत आले.

तर अशात आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला.

आई शहात्तर वर्षांची. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, कानाला हेडफोन आणि दोन्ही हातांत दोरखंडासारख्या वायरी. आता तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते आणि तिला तेच हवं आहे. सकाळी रेडिओ तिला हवा तेवढा मोठा लागतो, दुपारी ती हवी तेवढी झोपते, आणि दाराची साखळी स्वतःच्या हाताने लावण्यात तिला काय सुख मिळतं ते तिलाच ठाऊक. आमच्याकडे किंवा दादाकडे चार दिवस राहायला आली की तिसऱ्या दिवशी ती पिशवी भरून दाराशी उभी असते.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो पुलांची तपासणी करतो. जिथे भेग दिसेल तिथे खडूने गोल काढायचा, हे त्याचं काम, आणि घरातही तो त्याच नजरेने वावरतो. आईच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली त्या दिवशी तो तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याने खडू काढला, म्हणजे अर्थात मनातल्या मनात.

“नंतर चार आठवडे थेंब आहेत,” तो म्हणाला. “तीन बाटल्या. पहिल्या आठवड्यात सगळ्या मिळून दिवसातून बारा वेळा. तुझं तुला जमलं तर ठीक. नाही जमलं, तर आई, तू आमच्याकडे यायचंस. चार दिवसांसाठी नाही, कायमची. ही जागा बंद करायची. आज थेंब आहेत, उद्या आणखी काही असेल.”

“बरं,” आई म्हणाली.

आईचं ‘बरं’ म्हणजे होकार नव्हे. ऐकू आलं, एवढीच ती पोच असते. पण तिने टेबलावरचा हात काढून मांडीवर ठेवला, तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे. मी तिथल्या तिथे ठरवलं की काहीही झालं तरी आईला हे शिकवायचं आणि तिच्या घरात ठेवायचं. मी नाही तर कोण शिकवणार? माझा तर धंदाच तो.

दुसऱ्याच दिवशी मी पत्रक नेऊन दिलं. आईने भिंग घेतलं, खिडकीशी बसली आणि उजव्या डोळ्याने सोळाच्या सोळा सूचना वाचून काढल्या. पाऊण तास लागला. मी समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत माझं पत्रक पूर्ण वाचणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली.

“काय करायचं ते कळलं ना?”

“‘कृपया’ अकरा वेळा आलंय. एवढ्या विनवण्या कशाला करतेस लोकांच्या?”

“आई, दोन थेंबांच्या मध्ये किती वेळ थांबायचं?”

“ते वर कुठेतरी होतं,” ती म्हणाली आणि भिंग पुसायला लागली. “सहावीत नाहीतर सातवीत. पण ते ‘कृपया’ कमी कर बाई. वाचताना दम लागतो.”

माझी लेक त्या वेळी कोपऱ्यात बसून फोनवर बोटं नाचवत होती. आई तिला ‘घाई’ म्हणते, कारण ती जिना उतरता उतरता चप्पल घालते. घाई एका भांड्यांच्या कंपनीसाठी छोटे छोटे व्हिडिओ बनवते. करपलेलं पातेलं चाळीस सेकंदांत कसं चकचकीत करायचं, असले. ती मान वर न करता म्हणाली, “आई, तुझं पत्रक म्हणजे शिक्षा आहे. हे वाचून कळायचं नाही, बघूनच कळतं. आज्जी, मी तुला करून दाखवते.”

शस्त्रक्रियेच्या आधी तीन दिवस एका बाटलीतले थेंब घालायचे असतात, डाव्याच डोळ्यात. घाईने संध्याकाळपर्यंत व्हिडिओ करून पाठवलासुद्धा. स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी, मान मागे, डाव्या डोळ्यात थेंब (साध्या पाण्याचा), आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू डोळ्यात काही घालण्यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. आईने तो सात वेळा पाहिला. पाहताना इतकी खूश दिसत होती की माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी दादा सफरचंदं घेऊन तिच्याकडे गेला, तेव्हा आई आरशाशिवाय, अगदी झोकात मान मागे टाकून थेंब घालत होती. उजव्या डोळ्यात.

“आई, ऑपरेशन डाव्या डोळ्याचं आहे,” दादा म्हणाला.

“मला माहीत आहे.”

“मग हे काय?”

“तिने दाखवलंय तसंच करतेय. मला वाटलं, आधी चांगल्या डोळ्याला तयार करत असतील. पुढे काही दिवस सगळं काम त्याच्याच अंगावर पडणार ना.”

घडलं होतं ते साधंच होतं. समोर उभ्या असलेल्या माणसाचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला येतो. आईने आरशात बघावं तसं घाईकडे बघितलं होतं. घाई तोंडाने ‘डावा, डावा’ म्हणत होती, पण डोळे उघडे असले की कानांना कोण विचारतो? एकतीस वर्षं कानांवर पोट भरलेल्या बाईचीसुद्धा ही गत. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही बिघडलं नाही, दोन दिवस पुढे ढकलू. पण दादाने मला आणि घाईला फोन करून बोलावून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा घाईचा चेहरा रडवेला झाला होता. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तू कशाला रडतेस? एवढा छान केलास. फक्त मला एक सांग, तुझ्या मागे गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं का गं?”

“गेलं,” घाई नाक ओढत म्हणाली.

“मला वाटलंच. सातही वेळा जीव टांगणीला लागला होता माझा.”

मला हसू आलं. दादाला आलं नाही. त्याला हवी होती ती भेग आता त्याला सापडली होती आणि तिच्याभोवती तो गोल काढून मोकळा झाला. “ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मी येतो,” तो म्हणाला. “पत्रक घेऊन येतो. सोळा सूचना आहेत, सोळा प्रश्न विचारतो. बारा बरोबर आले तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर त्याच दिवशी माझ्याबरोबर चलायचं.”

“बरं,” आई म्हणाली.

शस्त्रक्रिया छान झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर आईला सगळं समजावून सांगत होत्या, तेव्हा मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर आई कपडे बदलून, डोळ्यावर प्लास्टिकची ढाल लावून, निघायला तयार. पहिले चार दिवस मी तिच्याकडेच राहिले आणि बाराच्या बारा वेळा थेंब मीच घातले. पांढऱ्या टोपीची बाटली चारदा, गुलाबी सहादा, पिवळी दोनदा. आई मुकाट्याने मान मागे करायची. एवढी मुकाट आई मी कधी पाहिली नव्हती. हिच्या डोक्यात काहीच शिरत नाहीये, हिने आता सगळं माझ्यावर सोडलंय, असं मला वाटायचं.

मग मी माझ्या मते हुकमी एक्का काढला. कागद झाला, चित्र झालं, पण आई मुळात कानांची. तिला ऐकवायला हवं होतं. रविवारी दुपारी मी घरी जाऊन, खिडक्या लावून, डोक्यावर पांघरूण घेऊन सोळा सूचना माझ्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केल्या. अकरा मिनिटं. ‘कृपया’ सगळे काढून टाकले. आईने दोन्ही कानांत हेडफोन घातले आणि डोळे मिटून, ताठ बसून, जुन्या सवयीने ऐकत राहिली. ऐकताना दोन-तीनदा तिचे ओठही हलले. मला वाटलं, जमलं. जीव भांड्यात पडला.

ऐकून झाल्यावर तिने हेडफोन काढले आणि विचारलं, “तुला सर्दी झाली होती का?”

“थोडीशी. आई, थेंबांचं काय कळलं?”

“सर्दीचाच आवाज नाही तो. आठव्या सूचनेनंतर तू एक श्वास घेतलास, तो मला काही बरा वाटला नाही. दमली आहेस. काय झालंय?”

मला एकदम रडूच आलं. कारण गेले दोन आठवडे मी रोज सकाळी डोळे उघडले की एकच गोष्ट मनात यायची. आईला तिच्या घरातून उठावं लागणार, आणि ते माझ्यामुळे, कारण जन्मभर परक्या माणसांना सूचना लिहून दिल्या पण स्वतःच्या आईला तीन बाटल्या शिकवता येत नाहीत. हे सगळं मी तिला रडत रडत सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं, चहा केला, आणि म्हणाली, “आता तू तुझ्या घरी जा. उद्यापासून माझं मी बघते.”

पुढचे तीन दिवस मी इस्पितळात नुसती बसून होते. दर दोन तासांनी तिला फोन करायची. सातव्या दिवशी तपासणी होती, त्यालाही ती शेजारणीबरोबर परस्पर जाऊन आली. माझ्या खोलीसमोरून गेली आणि आत डोकावलीसुद्धा नाही. संध्याकाळी मी फोनवर विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?”

“चांगलं म्हणाले.”

“उद्या दादा येणार आहे. पांढऱ्या टोपीच्या औषधाचं नाव सांग बघू.”

“ते मला काय करायचंय? औषधाला कुठे हाक मारायची आहे?”

“आई, सूचना क्रमांक चार?”

“फोन ठेव आता, मला काम आहे,” ती म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

आठव्या दिवशी दादा बरोबर साडेबाराला आला. हातात माझं पत्रक, त्यावर लाल पेन्सिलीने खुणा, आणि खांद्याला वहिनीने दिलेली मोठी रिकामी बॅग. घाई आधीच येऊन पलंगावर मांडी घालून बसली होती. दादाने चष्मा चढवला आणि सुरुवात केली.

“गुलाबी टोपीच्या बाटलीतल्या औषधाचं नाव काय?”

“माहीत नाही,” आई म्हणाली.

“सूचना क्रमांक चार काय सांगते?”

“क्रमांक तू लक्षात ठेव. कागद तुझ्या हातात आहे.”

“औषध एकूण किती आठवडे घालायचं?”

“सिस्टर थांबा म्हणतील तोवर.”

दादाने तिथे फुली मारली. त्याला ‘चार’ हवं होतं. “थेंब घातल्यानंतर काय टाळावे?”

“असले प्रश्न.”

घाई फिसकन हसली. मी तिच्यावर डोळे वटारले. दादा चिकाटीने सोळाव्या प्रश्नापर्यंत गेला. मध्ये मध्ये मी आईला ओठांनी उत्तरं पुरवायचा प्रयत्न केला, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. शेवटी दादाने फुल्या मोजल्या. सोळापैकी पाचच बरोबर. तोही काही खूश झाला नाही, उगाच खोटं बोलणार नाही. त्याने पत्रकाच्या चारही घड्या नीट घातल्या, बॅगेची चेन उघडली, आईचं कपाट उघडलं आणि आतले कपडे एकेक करून बॅगेत भरायला लागला. मला वाटलं आई आता भांडेल. निदान मी तरी भांडायला हवं होतं, पण कोणत्या तोंडाने? माझ्याच पत्रकाने आई नापास झाली होती.

इतक्यात एक वाजला. रेडिओवर बातम्यांचा आवाज सुरू झाला आणि आई उठली.

तिने बेसिनवर साबणाने हात धुतले, स्वच्छ कपड्याला पुसले आणि खिडकीजवळच्या लहान टेबलाशी बसली. टेबलावर दोन बशा होत्या. डावीकडच्या बशीत गुलाबी आणि पांढरी बाटली, पिवळी मागे वेगळी, कारण तिची वेळ नव्हती. आईने गुलाबी उचलली, दहा वेळा हलवली, मान मागे टाकली, डाव्या डोळ्याची खालची पापणी एका बोटाने ओढली आणि एक थेंब सोडला. एकच. बाटलीचं टोक कुठेही लागलं नाही. डोळा मिटून घेतला, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला आणि गुलाबी बाटली न बघता उजवीकडच्या बशीत ठेवली.

दादा हातात तिचा स्वेटर घेऊन उभा होता. बातम्या चालू होत्या. पाच मिनिटांनी बातम्या संपल्या, आईने पांढरी बाटली उचलली आणि पुन्हा तेच सगळं केलं. माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत एवढे नेटके थेंब मी पाहिले नव्हते. आमच्या फिल्ममधल्या नर्सचेही नाहीत.

“हे कोणी शिकवलं तुला?” दादाने विचारलं.

“सिस्टरनी,” आई डोळा मिटलेलाच ठेवून म्हणाली. “घरी सोडायच्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं आणि निघाल्या. मी म्हटलं, थांबा, आता मी म्हणते, तुम्ही ऐका. एक्स्चेंजमध्ये आमची पद्धतच होती. नंबर घेतला की परत म्हणून दाखवायचा. समोरचा ‘हो’ म्हणाला की मगच लाइन जोडायची. नाहीतर भलत्याच्याच घरी घंटी वाजायची. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी दोन ठिकाणी चुकले. त्यांनी सांगितलं. परत म्हटलं, एक चूक. तिसऱ्यांदा बरोबर आलं.”

“आणि माझं पत्रक?” मी विचारलं. मला राहवलं नाही.

“तुझा कागद फार सभ्य आहे गं. पण मी चुकले तर तो काही बोलत नाही. घाईचंही तसंच. मी उजव्या डोळ्यात घालत होते तरी ती आपली हसतेच आहे. आणि तुझ्या त्या रेकॉर्डिंगला तर मी मध्येच विचारलं, दोन्ही बाटल्या एकाच वेळेला आल्या तर आधी कोणती? तू थांबलीसच नाहीस. पुढे बोलत सुटलीस.”

म्हणजे ओठ हलले होते ते यासाठी. माझ्या अकरा मिनिटांच्या बोलण्यात तिला एक प्रश्न विचारायलाही जागा नव्हती. चौदा वर्षं मी सांगतच सुटले होते आणि कोणी मला परत म्हणून दाखवलं नव्हतं, मीही कधी मागितलं नव्हतं.

“मग पहिले चार दिवस माझ्याकडून का घालून घेतलेस?”

“तुला बरं वाटत होतं म्हणून,” आई म्हणाली.

दादाचा अजून विश्वास बसेना. त्याने वॉर्डात फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. सिस्टर हसायलाच लागल्या. “त्या आज्जी होय? त्यांनी मला तीनदा म्हणून दाखवलं, मग मला म्हणायला लावलं. आणि मी एके ठिकाणी चुकले, तर त्यांनी मला परत पहिल्यापासून सुरू करायला लावलं. काल तपासलाय डोळा, एकदम स्वच्छ आहे. काही विचारायचं होतं का?”

“नाही,” दादा म्हणाला आणि फोन बंद केला. स्वेटर अजून त्याच्या हातातच होता. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “म्हणजे तू येत नाहीस.”

पैज हरलेला माणूस असं म्हणत नाही. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला इतक्या दिवसांचा त्याचा जो राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. आईने आता डोळा उघडला होता.

“माझ्याकडून होणार नाही म्हणून बोलावत होतास, की मी हवी आहे म्हणून?” तिने विचारलं.

दादा बराच वेळ स्वेटरची घडी घालत राहिला. ती काही जमली नाही. “धाकटा नोकरीला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच,” तो म्हणाला. “ती तिच्या खोलीत ताट घेऊन बसते, मी टीव्हीसमोर. भांडण वगैरे काही नाही. नुसतंच तसं झालंय. तू येतेस तेव्हा आम्ही टेबलाशी बसतो. तू कोणा कोणाच्या जुन्या फोनच्या गोष्टी सांगतेस, ती हसते. तू गेलीस की परत तेच.” मग तो म्हणाला, “नुसतं राहायला ये म्हटलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“कायमची? नाहीच म्हटलं असतं.”

“तेच.”

“अरे, पण दर शनिवारी जेवायला ये म्हटलं असतंस, तर गेल्या वर्षापासून येत असते. एवढं तोंडाने सांगता आलं नाही तुला? त्यासाठी लाल पेन्सिल घेऊन बसलास?”

दादाने मान खाली घातली. घाई उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला माझ्या दादाची फार दया आली, आणि थोडी स्वतःचीही. तो माझ्या घरापासून वीस मिनिटांवर राहतो आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

आई बॅगेपाशी गेली, आत वाकून बघितलं आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “बाकीचं परत कपाटात ठेव. दोन जोड राहू देत. शनिवारी सकाळी न्यायला ये, सोमवारी आणून सोड. बशा मी माझ्या घेते.”

“थेंब मी घालीन तिकडे,” दादा म्हणाला.

“थेंब माझे मीच घालणार. तू आणि सूनबाई, दोघांनी समोर बसायचं. पाच मिनिटं. काही विचारायचं नाही.”

“बसतो,” दादा म्हणाला.